मदत हवी आहे : एनजीस्पाइसमध्ये सार एडीसी, वॉर्निंग गेल्या तरी कोड चुकतोच

नमस्कार मंडळी,

१० बिटचा सार एडीसी (व्होल्टेजचा अंकी कोड वरच्या बिटापासून एकेक बिट ठरवत बनवणारं सर्किट) एनजीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये चालवतोय. कपॅसिटर अ‍ॅरे, स्विच आणि कम्पॅरेटर (दोन व्होल्टेजांची तुलना करून ० किंवा १ देणारा) अ‍ॅनालॉग. रजिस्टर आणि लॉजिक एक्सस्पाइसच्या (एनजीस्पाइसमधली पुरवणी) डिजिटल मॉडेलांनी केलंय. मधे दोन्ही दिशांना ब्रिज (व्होल्टेजचं ०-१ मध्ये आणि उलट रूपांतर करणारे). सप्लाय आणि रेफरन्स १.८ व्होल्ट, एक रूपांतर १ मायक्रोसेकंदात. अ‍ॅरे ५ + ५ असा दुभागलेला आहे, मधे जोड-कपॅसिटर.

चार दिवस याच तीन संदेशांशी झगडतोय :

रिड्यूसिंग टीआरटोल टू १ फॉर एक्सस्पाइस 'ए' डिव्हायसेस
वॉर्निंग : सिंग्युलर मॅट्रिक्स : चेक नोड व्हीएलएसबी
टाइमस्टेप टू स्मॉल (दर वेळी दुसऱ्या बिटाच्या आसपास)

दुसऱ्यासाठी व्हीएलएसबी (खालच्या पाच बिटांच्या कपॅसिटरांचा सामाईक) नोडवरून ग्राउंडला १ गिगाओमचा रेझिस्टर टाकला, वॉर्निंग गेली. तिसऱ्यासाठी रेलटोल (सॉल्व्हरला चालणारी सापेक्ष चूक) ०.००१ वरून ०.०१ केला, रन शेवटपर्यंत गेला. पण ०.६ व्होल्ट इनपुटला ३४१ यायला हवं. येतं ते असं : पहिला बिट ०, तो बरोबर, आणि दुसऱ्यापासून शेवटपर्यंत सगळे एक्स (० की १ ते माहीत नाही). म्हणजे मी आजार बरा केला की नुसता ताप उतरवला, हेच कळत नाहीये.

ब्रिज आणि स्विचच्या किमती :
एडीसी ब्रिज (अ‍ॅनालॉगकडून डिजिटलकडे) : इन-लो ०.८ (याखाली ०), इन-हाय २.० (यावर १)
डीएसी ब्रिज (डिजिटलकडून अ‍ॅनालॉगकडे) : आउट-लो ०, आउट-हाय १.८, आउट-अनडेफ ०.९
स्विच : व्हीटी (उंबरठा) ०.९, व्हीएच (उंबरठ्याभोवतीची मोकळीक, हिस्टेरिसिस) ०, रॉन (चालू असतानाचा रोध) १ मिलिओम, रॉफ (बंद असतानाचा रोध) १ टेराओम

हा ब्रिज जुन्या ३.३ व्होल्टच्या कामातून उचललाय, तिथे व्यवस्थित चालत होता. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद १

संदेश थोडा वेळ बाजूला ठेवा, आधी कोडकडे बघा. ३४१ म्हणजे ०१०१०१०१०१. तुमच्याकडे पहिला ० नीट आला आणि पहिला १ यायच्या जागी एक्स सुरू झाला. कम्पॅरेटरचा ० पलीकडे पोचतोय, १ पोचतच नाहीये.

कारण तुम्हीच लिहिलंय. इन-हाय २.०, सप्लाय १.८. कम्पॅरेटरने पूर्ण जोर लावला तरी तो २.० ओलांडणार कसा? ०.८ ते २.० मधलं सगळं ब्रिजच्या लेखी अननोन. यावर एनजीस्पाइस एक अक्षर बोलत नाही, कारण त्याच्या दृष्टीने चुकीचं काही घडलेलंच नाही. खरी चूक तिथे होती, आणि वॉर्निंग नेमकी तिथेच नव्हती.

आता पुढची साखळी. रजिस्टरमध्ये एक्स गेला की डीएसी ब्रिज ०.९ देतो. तुमच्या स्विचचा उंबरठाही ०.९, हिस्टेरिसिस शून्य. स्विच ना धड चालू, ना धड बंद. तिथेच सॉल्व्हर पायरी लहान लहान करत अडकला असणार. दुसऱ्या बिटापाशी अडकतो ते बहुधा त्यामुळेच. इन-लो ०.६, इन-हाय १.२ करून बघा. रॉन-रॉफमध्ये १०^१५ पट फरक आहे, तोही कमी करा. डबल प्रिसिजनला जेमतेम १५-१६ अंक मिळतात. रॉन १०० ओम, रॉफ १० गिगाओम पुरेल.

टीआरटोलची (वेळेच्या पायऱ्या किती मोठ्या चालतील ते ठरवणारी किंमत) ओळ निव्वळ सूचना आहे. नेटलिस्टमध्ये एक्सस्पाइसचे घटक दिसले की एनजीस्पाइस ती मूळच्या ७ वरून १ करतो, म्हणजे पायऱ्या जास्त काळजीने टाकतो. रन हळू होतो, बिघडत नाही.

प्रतिसाद २

रेलटोल लगेच मागे घ्या. १० बिटमध्ये एक एलएसबी (कोडची सर्वांत लहान पायरी) म्हणजे १०२४ मधला एक भाग, साधारण ०.१ टक्का. मूळ रेलटोल ०.००१ सुद्धा तेवढाच आहे. तुम्ही तो दहापट सैल केलात, मग खालच्या बिटांवर भरवसा कसा ठेवणार? इथे उलट ०.०००१ कडे जायला हवं.

व्हीएलएसबीबद्दल मात्र मला जास्त काळजी वाटते. त्या नोडला फक्त कपॅसिटर जोडलेत ना? मग डीसीला त्याचं व्होल्टेज ठरवणारं काहीच नाही, म्हणून मॅट्रिक्स सिंग्युलर (समीकरणांना एकच ठरलेलं उत्तर नाही). पण हा नुसता गणिताचा प्रश्न नाही. प्रत्यक्ष चिपमध्येसुद्धा त्या नोडवर सुरुवातीला किती चार्ज असेल हे कोण ठरवतं? गिगाओम टाकून तुम्ही सिम्युलेटरला गप्प केलंत. सिलिकॉनमध्ये तो रेझिस्टर नसणार. सॅम्पलिंगच्या वेळी त्या नोडला ठरलेल्या व्होल्टेजवर आणणारा रीसेट स्विच तुमच्या सर्किटमध्ये आहे का?

मूळ धागाकर्ता

नव्हता. जुन्या कामात अ‍ॅरे दुभागलेला नव्हता, त्यामुळे असा नोडच नव्हता. इथे तो लागेल हे डोक्यातच आलं नाही. ही चूक लेआउटपर्यंत (चिपच्या आराखड्यापर्यंत) गेली असती या विचाराने पोटात गोळा आला.

काल रात्री एकेक बदल करून बघितला. आधी फक्त ब्रिजच्या पातळ्या बदलल्या, रेलटोल परत ०.००१ केला : एक्स गेले आणि टाइमस्टेपचा संदेशही त्यांच्याबरोबर गेला. मग स्विचच्या किमती. शेवटी गिगाओम काढून तिथे रीसेट स्विच घातला, त्याच्या रॉफमुळे डीसीचा मार्गही मिळाला. सिंग्युलर मॅट्रिक्स पुन्हा दिसलं नाही. रेलटोल ०.०००१ ठेवून ०.६ व्होल्टला ३४१ आला. टीआरटोलची ओळ अजून येते, ती येऊ देतोय.

दोघांचे मनापासून आभार. आता ० ते १.८ व्होल्ट रॅम्प लावलाय. ५११ वरून ५१२ वर जाताना एखादा कोड सुटतोय का तेवढं बघतो आणि इथेच कळवतो.