मदत हवी आहे: जुन्या ग्रामोफोन तबकडीचा खरा वेग कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी. युक्रेनियन टेनर (उंच पुरुषी आवाजाचे) गायक मोदेस्त मेनत्सिन्स्की (1875-1935) यांची एक जुनी तबकडी हाती लागली आहे. हा माणूस लव्हीव्हमध्ये धर्मशास्त्र शिकत होता, तिथेच वालेरी विसोत्स्कींकडे गाणं शिकला आणि पुढे स्टॉकहोम नि कोलोनच्या ऑपेरात जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरांतले नायक, सीगफ्रीड नि टानहॉयझर, गाऊ लागला. पाळकाचा सीगफ्रीड झाला, म्हणा ना!

अडचण अशी की मिनिटाला 78 फेऱ्यांच्या वेगावर लावली की आवाज चिरका, घाईत असल्यासारखा येतो. 74 च्या आसपास आणली तर छातीतून आलेला, भारदस्त वाटतो. पण फरक जवळजवळ पेटीच्या पांढरी एक आणि काळी एक यांच्यातला, म्हणजे अर्ध्या स्वराचा आहे, त्यामुळे नुसत्या कानावर भरवसा वाटत नाही. त्या काळी कर्ण्यासमोर गाऊन ध्वनिमुद्रण व्हायचं आणि वेग सगळीकडे सारखा नसायचा, एवढं ठाऊक आहे.

जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या वाजवणाऱ्यांनी सांगा, तुम्ही पट्टी कशी ठरवता? छापील स्वरलिपीशी ताडून? पण गायकाने सोयीसाठी पट्टी उतरवली असेल तर? आणि हो, सुई कोणत्या जाडीची घेऊ? एलपीची (नंतरच्या, 33 फेऱ्यांच्या तबकड्यांची बारीक) सुई लावली तर खरखरच जास्त येते.