मदत हवी आहे: गॅस साठ्याच्या जुन्या विहिरींचे लॉगच नाहीत, तरी तपासणीच्या यादीत 'पूर्ण' लिहायचं का?

चिकलठाणाकर:

नमस्कार मंडळी. विषय आडवळणाचा आहे, पण इथं तेल-वायू क्षेत्रातून निवृत्त झालेले काही जण आहेत, म्हणून विचारतोय.

मी छत्रपती संभाजीनगरला एका छोट्या इंजिनिअरिंग कंपनीत आहे. अमेरिकेतल्या एका भूमिगत गॅस साठ्याचं कागदपत्रांचं काम आमच्याकडे येतं. साठा म्हणजे टाक्या नव्हेत. तेल-वायू उपसून संपलेल्या खडकाच्या थरात उन्हाळ्यात विहिरींतून गॅस दाबून भरतात आणि थंडीत घरं तापवायला काढतात. तिकडे सगळ्या प्रकारचे मिळून सुमारे ४०० भूमिगत गॅस साठे आहेत, त्यातले बहुतेक असे. आपल्याकडे नैसर्गिक वायूचा एकही नाही. विशाखापट्टणमला जमिनीखाली एलपीजी आहे, पाडूर-मंगळुरूला कच्चं तेल, पण ते खडकात कोरलेल्या गुहांमध्ये. त्यामुळे ऑफिसात विचारावं असं कुणी नाही. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "जमिनीत गॅस भरतेत? आपल्या बोअरला पाणी लागंना!"

तर अडचण अशी. अमेरिकेच्या २०२० च्या केंद्रीय नियमाप्रमाणे प्रत्येक साठ्याच्या ४० टक्के विहिरींचं पहिलं जोखीम मूल्यांकन १३ मार्च २०२४ पर्यंत व्हायला हवं होतं, जास्त जोखमीच्या विहिरी आधी. उरलेल्यांना १३ मार्च २०२७ ची मुदत. आता तिकडच्या तपासणी अधिकाऱ्यांची भेट ठरलीय आणि यादी जुळवायचं काम माझ्याकडे आलंय.

एका विहिरीची फाईल सांगतो. विहीर १९५० च्या दशकातली, मुळात तेलाची, नंतर साठ्यासाठी वळवलेली. आत टाइपरायटरवरचा ड्रिलिंग रिपोर्ट, सिमेंटची किती पोती गेली ते पेन्सिलीनं समासात, आणि त्यानंतर एकदम अलीकडचा वेलहेडचा (विहिरीच्या तोंडावरच्या झडपांचा) फोटो. मधल्या काळातलं काही नाही. केसिंगची (विहिरीला आतून लावलेल्या पोलादी नळाची) जाडी मोजल्याचा लॉग, म्हणजे विहिरीत उपकरण सोडून खोलीनुसार घेतलेली नोंद, नाही. केसिंगबाहेरचं सिमेंट नीट चिकटलंय का ते दाखवणारा सिमेंट बाँड लॉग नाही. ॲन्युलस प्रेशरच्या (नळांमधल्या पोकळीतल्या दाबाच्या) नोंदी मात्र दर महिन्याच्या आहेत: शून्य, शून्य, शून्य. एकच अक्षर, एकच शाई. त्यातल्या एका पानावर नोंद २०१९ ची आणि फॉर्मच्या कोपऱ्यात छापलेली आवृत्ती २०२१ ची!

तिकडचा समन्वयक म्हणतो, विहिरीला जोखमीचा गुण दिलाय ना, मग मूल्यांकन 'पूर्ण' लिही. अशा बऱ्याच विहिरी आहेत. लॉग नसताना असं लिहिता येतं का? आणि त्या शून्यांचं काय करू?

औशाचा_गडी:

भाऊ, गिऱ्हाईक म्हणालंय लिही तर लिहून टाक की. सही त्याची, साठा त्याचा, देशबी त्याचाच. तू कशाला रात्रीची झोप घालवलालास?

जुना_ड्रिलर:

औशेकर, असले सल्ले कट्ट्यावर ठीक आहेत. यादी याच्या हातची आहे, उद्या विचारणा झाली तर पहिला फोन यालाच येणार.

चिकलठाणाकर, आधी नियमाचं बोलू. अमेरिकेचा केंद्रीय नियम 'प्रत्येक विहिरीत अमुक लॉग अमुक वर्षांनी चालवाच' असं सरसकट म्हणत नाही. तो अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) आरपी ११७१ या शिफारशींवर उभा आहे आणि त्याचा सगळा भर जोखमीवर आहे. साठा कॅलिफोर्नियात असेल तर गोष्ट वेगळी, तिथं राज्याचे नियम कडक आहेत, केसिंगची जाडी दर २४ महिन्यांनी मोजायला सांगतात. म्हणून पहिलं काम, साठा कुठल्या राज्यात आहे आणि तपासणी केंद्राची की राज्याची, ते विचारून घे.

म्हणजे लॉग नसतानाही मूल्यांकन होऊ शकतं. पण माहिती नाही म्हणून जोखमीचा गुण कमी लावला असेल, तर ते मूल्यांकन नव्हे, ती बनवाबनवी. लॉग नाही म्हणजे केसिंगची अवस्था माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणजे जोखीम वर गेली पाहिजे. तुझ्या यादीतल्या लॉग नसलेल्या विहिरींना काय गुण दिलेत ते बघ. त्या 'कमी जोखीम'मध्ये बसल्या असतील तर अधिकारी तिथंच बोट ठेवणार.

हे सगळं आलं कुठून तेही सांगतो. २३ ऑक्टोबर २०१५ ला लॉस एंजेलिसजवळच्या अलिसो कॅनियन साठ्यात एसएस-२५ ही विहीर फुटली आणि २०१६ च्या फेब्रुवारीत बंद झाली. तोवर जवळजवळ एक लाख टन मिथेन हवेत गेला, हजारो कुटुंबांना घरं सोडावी लागली. ती विहीरही तुझ्या फाईलसारखीच: १९५३-५४ मध्ये तेलासाठी खोदलेली, १९७० च्या दशकात साठ्यासाठी वळवलेली. गॅस ट्यूबिंगमधूनही (केसिंगच्या आतल्या बारीक नळातून) जायचा आणि केसिंगमधूनही, म्हणजे गॅस आणि बाहेरची जमीन यांच्यात भिंत एकच. भूजलाच्या पट्ट्यात ती बाहेरून जिवाणूंनी खाल्ली आणि साधारण नऊशे फुटांवर फाटली. आपल्याकडे बोअरचा केसिंग पाइप वरून ठणठणीत दिसतो आणि खाली गंजून गाळ यायला लागतो ना, तसंच, फक्त इथं आत प्रचंड दाबाचा गॅस. १९८८ मध्ये जुन्या २० विहिरींचं केसिंग तपासा अशी शिफारस झाली होती. एसएस-२५ त्या यादीत होती. तपासल्या काहीच, ही राहिली.

आता शून्यांचं. शून्य प्रेशर खोटंच असतं असं नाही. व्हेंट (पोकळीतला गॅस बाहेर सोडायची वाट) उघडा असेल तर शून्यच येईल. पण गेज (दाब मोजायचं यंत्र) किती रेंजचा आहे ते विचार. ० ते ३००० पीएसआयचा (दाबाचं एकक) गेज लावला असेल तर १५-२० पीएसआयला काटा हललेला कळणारही नाही. असे शून्य मी शेकड्यांनी बघितलेत.

कागदवाली:

काकांनी विहिरीचं सांगितलं, मी कागदाचं सांगते. वाळूजमध्ये ऑडिटची कामं करते, माल वेगळा, पण कागद सगळीकडे तसेच.

२०१९ ची नोंद २०२१ च्या फॉर्मवर, हे पान सगळ्यात महत्त्वाचं. ते दुरुस्त करू नकोस, काढू नकोस, नवीन तर अजिबात बनवू नकोस. जुन्या वहीवरून नव्या फॉर्मवर उतरवलं असण्याचीही शक्यता आहे. तसं असेल तर मूळ वही मागव आणि 'अमुक तारखेला उतरवलं' अशी टीप त्यांच्याच माणसाकडून घे. मूळ वही सापडत नसेल तर तसं लिहून ठेव. हे रेकॉर्ड त्यांना साठ्याच्या पूर्ण आयुष्यभर ठेवायचंय, त्यामुळे कधी ना कधी कुणीतरी ते पान उलटणारच.

'पूर्ण' आणि 'अपूर्ण' या दोनच रकान्यांत अडकू नकोस. तिसरा रकाना काढ: मूल्यांकन कशाच्या आधारे. प्रत्येक विहिरीपुढे कोणता लॉग, कोणत्या तारखेचा, कोणती चाचणी, आणि काही नसेल तर 'माहिती उपलब्ध नाही'. त्यापुढे ती उणीव कधी भरून काढणार याची तारीख, ती तारीख क्लायंटनं द्यायची. समन्वयकानं तोंडी सांगितलंय ना? मग मेल टाक: "आपल्या बोलण्यानुसार या विहिरी पूर्ण धरायच्या आहेत, पुढील आधार उपलब्ध नाही, कृपया खात्री करावी." बहुतेक वेळा या मेलला उत्तर येत नाही आणि सूचना मागे घेतली जाते.

आणि कार्यपद्धतीच्या पुस्तिकेवरच्या तारखा बघ. तिचं पुनरावलोकन दर कॅलेंडर वर्षात एकदा हवं आणि दोन पुनरावलोकनांत १५ महिन्यांहून जास्त अंतर नको. हे काम सोपं, म्हणूनच लोक विसरतात. अधिकारी बऱ्याचदा तिथूनच सुरुवात करतो.

चिकलठाणाकर:

काका, ताई, खूप आभार. गुण बघितले. लॉग नसलेल्या विहिरी खरंच खालच्या गटात आहेत, कारण 'गंज आढळला का' या प्रश्नाला सगळीकडे 'नाही' लिहिलंय. शोधला नाही, म्हणून आढळला नाही. तिसरा रकाना काढून मेल पाठवलाय. औशेकर, झोप गेलीच आहे, कॉल रात्री साडेदहाला असतात.

अजून एक: हरवलेले लॉग दुसरीकडे कुठे मिळू शकतात का?

जुना_ड्रिलर:

मिळतात की. तिकडे प्रत्येक विहिरीला एपीआय क्रमांक, म्हणजे तिचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असतो आणि राज्याच्या तेल-वायू खात्याकडे विहिरीची फाईल असते. बऱ्याच राज्यांनी त्या फायली संकेतस्थळावर टाकल्यात. क्रमांक टाकून शोध. क्लायंटकडून हरवलेला कागद तिथं सापडतो, कारण तेव्हा परवानगीसाठी प्रत द्यावीच लागायची.

चिकलठाणाकर:

काका, सापडलं! वर सांगितलेल्या विहिरीचा टेंपरेचर लॉग आहे, हाताने काढलेला आलेख, स्कॅन पुसट. हा गळती तपासल्याचा पुरावा म्हणून यादीत लावू का? स्कॅन इथं टाकू?

कागदवाली:

क्लायंटच्या फाईलमधलं काहीही इथं टाकू नकोस. राज्याच्या संकेतस्थळावरचं सार्वजनिक आहे, पण तेही नको, विहीर ओळखू येईल. वर्णन कर, काका सांगतील.

जुना_ड्रिलर:

आधी तारीख बघ. सिमेंट घट्ट होताना उष्णता सोडतं, म्हणून त्या काळी सिमेंट केसिंगच्या बाहेर कुठवर चढलंय ते शोधायला टेंपरेचर लॉग चालवायचे. सिमेंटिंगनंतर एक-दोन दिवसांतला असेल आणि रेघ एका खोलीपाशी अचानक गरम बाजूला सरकली असेल, तर तो सिमेंटचा माथा. गळतीत उलटं दिसतं, गॅस फैलावताना थंड होतो, म्हणून रेघ थंड बाजूला झुकते. पहिला प्रकार असेल तर गळतीच्या रकान्यात लावू नकोस, सिमेंटच्या रकान्यात लाव. तिथंही तो उपयोगाचा आहे, माथा भूजलाच्या पट्ट्याच्या वर आहे की खाली ते त्यावरून कळेल.