राजहंसगडाच्या परिसरातील वाऱ्याबद्दल माहिती हवी आहे

सप्रेम नमस्कार. माझी मुलगी कामशेतला पॅराग्लायडिंग शिकून आली असून बेळगावजवळच्या येळ्ळूर गावातील राजहंसगडाजवळील उतारावरून, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, उड्डाण करण्याचा तिचा विचार आहे. सांबऱ्याचा विमानतळ जवळ असल्याने परवानगीशिवाय काहीही होणार नाही. माझा प्रश्न वाऱ्याचा आहे.

परवा आम्ही गडावर जाऊन पाहिले. सकाळी काठीला बांधलेली फीत जेमतेम हलत होती. दुपारी मात्र ती पूर्वेकडे ताठ झाली, मध्येच लोंबली आणि क्षणभर उलटी फिरली. ते पाहून जीव धास्तावला. पश्चिमेचा वारा डोंगराला धडकून वर चढतो तेव्हा त्या बाजूला उचल मिळते, पण माथा ओलांडून पलीकडे उतरताना तोच वारा भोवरे तयार करतो आणि त्यांत सापडल्यास कापडी पंख मिटू शकतो. पॅराग्लायडरचा वेग साधारणपणे ताशी ३५ ते ४० किलोमीटर असतो, म्हणून समोरचा वारा तितका वाढला की पुढे सरकणेच थांबते आणि त्याहून वाढल्यास पॅराग्लायडर मागे, नेमका भोवऱ्यांकडे, ढकलला जातो.

येळ्ळूर, जांबोटी, खानापूर भागांतील जाणकारांनी कृपया सांगावे: मार्च-एप्रिलमध्ये पश्चिमेचा वारा साधारण किती वाजता जोर धरतो? वळवाच्या पावसाआधी तो किती लवकर दिशा बदलतो? आणि गडाच्या कोणत्या बाजूला मोकळी, विजेच्या तारा नसलेली उतरण्याजोगी शेते आहेत?