एम९२३ए२: रिव्हर्स उशिरा लागतो, पाचव्यात घसरतो. ट्रान्समिशन उतरवावंच लागेल का?

टेक्सासकर

मंडळी, अमेरिकन लष्कराने लिलावात काढलेला ५ टनी ६×६ ट्रक आहे, एम९२३ए२. इंजिन कमिन्स ६सीटीए८.३, ट्रान्समिशन अ‍ॅलिसन एमटी६५४सीआर, पाच गिअरचं ऑटोमॅटिक. शेतावर पाण्याची टाकी वाहतो, म्हणजे पाठीवर कायम चार-साडेचार टन.

रिव्हर्स टाकला की दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग धक्क्याने लागतो. गरम झाल्यावर चढावर मागे येतच नाही. पुढे जाताना पहिला ते चौथा ठणठणीत. पाचव्यात चढ आला की आरपीएम चढतात, स्पीड तिथेच. डॅशवरचा ट्रान्समिशनचा काटा २५० फॅरनहाइटच्या (१२१ सेल्सिअस) आसपास जातो. डिपस्टिकवर पातळी बरोबर आहे, पण ऑइल काळपट आणि जळका वास.

इथल्या एका वर्कशॉपने ट्रान्समिशन, कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून ट्रान्समिशनला देतो तो), ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना ताकद वाटणारी पेटी) सगळंच बदलायला सांगितलंय. एवढं खरंच लागतं का? उतरवण्याआधी काय काय तपासू?

गिअरपेटी

ट्रान्सफर केसला सध्या हात लावू नका. या ट्रकमध्ये ती वेगळी लटकलेली असते, मधे छोटा प्रोपेलर शाफ्ट असतो. ती घसरली असती तर पाचव्यातच का घसरेल?

तुमच्या लक्षणांतच उत्तर दडलंय. या ट्रान्समिशनमध्ये फॉरवर्ड क्लच पुढच्या सगळ्या गिअरमध्ये लागलेला असतो, रिव्हर्समध्ये नसतो. फोर्थ क्लच लागतो तो रिव्हर्समध्ये आणि सगळ्यात वरच्या डायरेक्ट गिअरमध्ये, म्हणजे तुमच्या पाचव्यात. नाव फोर्थ असलं तरी गिअर पाचवा, इथे नवखे हमखास गोंधळतात. पुढचे सगळे घसरले आणि रिव्हर्स चांगला असला तर फॉरवर्ड क्लचवर संशय. रिव्हर्स आणि पाचवा दोनच घसरले तर फोर्थ क्लच. तुमचा हा दुसरा प्रकार आहे.

तरी उतरवायच्या आधी स्वस्तातल्या गोष्टी संपवा.

ऑइलची पातळी: सपाट जागा, हँडब्रेक, इंजिन चालू, न्यूट्रल. ऑइल ७१ ते ९३ सेल्सिअस असताना गरमच्या खुणेवर बघायचं. थंड इंजिनवर गरमची खूण गाठली असेल तर ऑइल जास्त झालंय. फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो, आणि फेसाचं लक्षण कमी ऑइलसारखंच दिसतं: तापणं, घसरणं. डिपस्टिकवर बुडबुडे आहेत का नीट बघा.

मॉड्युलेटर केबल (पेडल किती दाबलंय ते ट्रान्समिशनला कळवते ती): अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल पूर्ण दाबल्यावर डिझेल पंपाचा लिव्हर स्टॉपला टेकला पाहिजे आणि त्याच क्षणी केबलही शेवटाला पोचली पाहिजे, पण लिव्हरला अडवता कामा नये. केबल बिघडली की सगळे शिफ्ट एकदमच लवकर किंवा उशिरा होतात. एकाच क्लचला ती बिघडवत नाही, त्यामुळे तुमच्याकडे ही मुख्य कारण नसावी. पण नव्या युनिटवरही हीच केबल बसणार, तेव्हा आत्ताच बघा.

प्रेशर: मेन प्रेशरच्या प्लगला ३०० पीएसआयचा गेज लावा. गरम ऑइलवर, एकाच आरपीएमला, फॉरवर्डमध्ये आणि रिव्हर्समध्ये आकडा लिहून घ्या. रिव्हर्सचं प्रेशर फॉरवर्डपेक्षा जास्त असायला हवं. फॉरवर्ड ठीक पण रिव्हर्सला पडतंय, तर फोर्थ क्लचच्या पिस्टनचं सील किंवा सीलिंग रिंग गळतेय. दोन्हीकडे प्रेशर ठीक असून घसरतंय, तर प्लेटा जळल्यात. दोन्हीकडे कमी, तर पंप, मेन रेग्युलेटर किंवा तुंबलेला सक्शन फिल्टर. हा तिसरा प्रकार निघाला तर माझं निदान चुकलं समजा.

आणि रिव्हर्समध्ये फुल थ्रॉटल स्टॉल टेस्ट (ब्रेक दाबून गाडी जागीच ठेवायची आणि पेडल पूर्ण दाबायचं) करू नका. रिव्हर्सचा रेशो मोठा, सगळा टॉर्क शाफ्टच्या जोडांमधल्या क्रॉसवर आणि अ‍ॅक्सलवर येतो. करायचीच तर पुढच्या गिअरमध्ये, ३० सेकंदांच्या आत, कन्व्हर्टरचं ऑइल १४९ सेल्सिअसच्या (३०० फॅरनहाइट) वर जाऊ न देता. मग लगेच न्यूट्रल आणि १२००-१५०० आरपीएमवर दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत तापमान उतरलं नाही तर कन्व्हर्टरचा स्टेटर (आतलं ऑइल वळवणारं चाक) अडकलाय.

नाइटशिफ्ट

बिघाडाचे कोड बघा की आधी! सिलेक्टरवरचे वर-खालचे दोन्ही बाण एकदम दाबले की स्क्रीनवर येतात.

गिअरपेटी

ते एफएमटीव्हीवर, म्हणजे लष्कराचे नंतरच्या पिढीचे ट्रक, एम१०७८, एम१०८३ वगैरे. त्यांत अ‍ॅलिसनचं इलेक्ट्रॉनिक ट्रान्समिशन असतं. एमटी६५४ पूर्ण हायड्रॉलिक आहे, ईसीयू (कंट्रोल कॉम्प्युटर) नाहीच, बिघाडाचे कोड येणार कुठून? इथे गेज आणि नाक हीच साधनं.

टेक्सासकर

केबल बरोबर आहे. पातळी गरम खुणेवर, फेस नाही. प्रेशर फॉरवर्ड आणि रिव्हर्स दोन्हीकडे मॅन्युअलच्या मर्यादेत, रिव्हर्सचं जास्तच आहे. पुढच्या गिअरची स्टॉल स्पीड मॅन्युअलशी जुळते, न्यूट्रलला तापमानही उतरतं. ऑइल पॅन उतरवला तर तळाशी तपकिरी पापुद्रे, बोटात चुरडले की काळी शाई होते. चमकणारे अ‍ॅल्युमिनियमचे कणही आहेत, थोडे.

पाचव्यात लॉकअप (कन्व्हर्टरला थेट इंजिनशी जखडणारा क्लच) घसरतोय असं तर नाही ना?

डिझेल_आज्जा

लॉकअपचा क्लच एकच असतो, तो खालच्या गिअरमध्येही लागतो. तो घसरत असता तर तिसऱ्या-चौथ्यात लोडखालीही आरपीएम चढले असते. आणि लॉकअपचा रिव्हर्सशी संबंध नाही. तेव्हा ते सोडा.

प्रेशर ठीक आणि पॅनमध्ये पापुद्रे, म्हणजे फोर्थ क्लचच्या फ्रिक्शन प्लेटा गेल्या. हे ट्रकखाली झोपून होत नाही, युनिट उतरवावंच लागेल. अ‍ॅल्युमिनियमचे कण आहेत म्हणून कन्व्हर्टरही बदला किंवा उघडून साफ करून घ्या. वर्कशॉपचं तेवढं बरोबर. कन्व्हर्टर नुसता धुऊन निघत नाही, स्टेटरच्या कप्प्यांत चुरा अडकून राहतो आणि नव्या क्लचमध्ये येतो.

प्लेटा का गेल्या ते शोधल्याशिवाय नवं युनिट बसवू नका. तपासा:

कूलर. ऑइल गुलाबी-दुधाळ झालं होतं का? कूलरमधून कूलंट ऑइलमध्ये शिरला की ग्लायकॉलमुळे फ्रिक्शन मटेरियल प्लेटवरून सुटतं. अगदी थोडंसं ग्लायकॉलही पुरतं. ऑइलचा नमुना लॅबमध्ये द्या किंवा ग्लायकॉल टेस्ट किट वापरा.

ब्रीदर. हे ट्रक पाण्यातून जायला बनवलेले, व्हेंटच्या नळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. तुंबल्या तर ऑइल सीलमधून बाहेर ढकललं जातं, फुटल्या तर पाणी आत.

आणि टो. ट्रक कधी चाकांवर ओढला गेला असेल आणि ट्रान्सफर केस न्यूट्रलला नसेल तर इंजिन बंद म्हणून पंपही बंद. आतले भाग कोरडे फिरतात.

टेक्सासकर

दुधाळ कधीच नव्हतं. टो झाल्याचं आधीच्या मालकाला माहीत नाही. लिलावातून एक वापरलेलं एमटी६५४सीआर मिळतंय, कमिन्स एनएचसी-२५० इंजिनच्या ट्रकमधलं. चालेल?

डिझेल_आज्जा

पेटी बसेल, पण जशीच्या तशी नाही. तुमच्या ट्रकच्या एम९३९ मालिकेत मूळ एम९३९ आणि ए१ ला १४ लिटरचं एनएचसी-२५०, ए२ ला ८.३ लिटरचं. फ्लेक्सप्लेट (इंजिन आणि कन्व्हर्टर जोडणारी चकती) आणि अ‍ॅडॉप्टर तुमच्या इंजिनचेच ठेवावे लागतील. शिवाय गव्हर्नर (गाडीच्या वेगाप्रमाणे गिअर बदलायला लावणारा) आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या (क्लचना ऑइल वाटणारा भाग) स्प्रिंगा इंजिनच्या स्पीडप्रमाणे ठरलेल्या असतात. प्लेटवर मॉडेलसोबत असेंब्ली नंबर असतो, तो तुमच्याशी जुळवा. न जुळल्यास जुन्याची व्हॉल्व्ह बॉडी आणि गव्हर्नर साफ करून नव्यावर घालता येतात. नुसतं एमटी६५३ किंवा एमटी६४३ स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका.

माझं मत विचाराल तर लिलावातलं न उघडलेलं युनिट म्हणजे जुगार. तुमचंच रीबिल्ड करा, निदान काय बिघडलंय ते आपल्याला माहीत तरी आहे.

गिअरपेटी

सहमत. उतरवताना:

चाकांना ठोकळे, बॅटऱ्यांची निगेटिव्ह काढा (२४ व्होल्ट, पाना निसटला तर वेल्डिंगच). ऑइल गरम असतानाच सोडा. निघालेलं ऑइल मोजून ठेवा, पण तेवढंच परत भरायचं असं समजू नका, कन्व्हर्टर आणि पायपांत बरंच राहतं. ट्रान्समिशन ते ट्रान्सफर केसचा शाफ्ट काढण्याआधी योकवर खुणा करा. कूलरच्या नळ्या सुटल्याबरोबर बूच लावा. शिफ्ट लिंकेज, मॉड्युलेटर केबल, न्यूट्रल स्टार्ट स्विचची वायर, फिलर ट्यूब. एम९२५ असतं तर विंचचा पीटीओही (विंचला ताकद देणारी जोडणी) निघाला असता, तुमच्या ९२३ ला विंच नाही, तेवढी सुटका.

फ्लेक्सप्लेटचे बोल्ट फ्लायव्हील हाऊसिंगच्या खिडकीतून काढायचे. इंजिन फिरवायला कमिन्स सी सीरिजचं बॅरिंग टूल (इंजिन हाताने फिरवायचं हत्यार) मिळतं, हाऊसिंगच्या भोकात बसतं. स्टार्टर टोचून फिरवू नका, खिडकीत बोट असतं.

इंजिनच्या मागच्या टोकाला आधार द्या. पेटी अडीचशे किलोच्या वर भरते, ट्रान्समिशन जॅक आणि साखळी दोन्ही हवेत. सरळ मागे ओढा आणि कन्व्हर्टर पुढे घसरू नये म्हणून आडवी पट्टी बांधा.

बसवताना सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं: कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसलेला हवा. फिरवत आत ढकला, टप्प्याटप्प्याने खाली जातो. हाऊसिंगच्या तोंडापासून खोली पट्टीने मोजा आणि उतरवतानाच्या मापाशी जुळवा. मग दोन गाइड स्टड लावून पेटी हाताने पुढे सरकली पाहिजे आणि हाऊसिंग चिकटून टेकलं पाहिजे. फट राहिली तर बोल्टने ओढू नका. पंपाचे दात मोडतात, आणि कळतं ते इंजिन सुरू झाल्यावर. फ्लेक्सप्लेटला बोल्टच्या भोकांपासून तडे आहेत का बघा, बोल्ट नवीन वापरा.

डिझेल_आज्जा

कूलरचं राहिलं. पॅनमध्ये अ‍ॅल्युमिनियम निघालंय, तेव्हा कूलर बदलायचाच. मिनरल स्पिरिटने दोन्ही दिशांनी फ्लश करून हवा मारली तरी चुरा कोपऱ्यात राहतो. अगदीच मिळत नसेल तर फ्लश करा, कूलंटच्या बाजूने प्रेशर टेस्ट करा आणि परतीच्या पायपात फिल्टर बसवा.

ऑइल अ‍ॅलिसन सी-४ स्पेसिफिकेशनचं. लष्कराच्या वापरात १० ग्रेडचं इंजिन ऑइलही चालायचं, पण एकदा एक ठरवलं की त्यात दुसरं मिसळू नका. "घसरतंय तर जाड ऑइल घाला" असं कोणी सांगेल, ऐकू नका. थंडीत क्लच आणखी उशिरा भरतो आणि तेवढा वेळ प्लेट घासते.

भरताना आधी थंडच्या खुणेपर्यंत. इंजिन सुरू करून ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवा, पुन्हा बघा, भर घाला. गरम झाल्यावर गरमच्या खुणेवर शेवटची तपासणी. गव्हर्नरची जाळी नवी टाका, नाहीतर गाडी पहिल्यातच अडकून बसेल आणि पुन्हा पेटीला दोष द्याल.

टेक्सासकर

सगळं लिहून घेतलं. रीबिल्डर ९० मैलांवर आहे. ट्रक तिथे न्यायचा की पेटी काढून न्यायची?

गिअरपेटी

पेटी काढून न्या. ट्रकच न्यायचा असेल तर लोबेड ट्रेलरवर. चाकांवर ओढायचा असेल तर ट्रान्सफर केस न्यूट्रलला आहे यावर विसंबू नका, लिव्हर हलला किंवा लिंकेज सैल असलं तर संपलं. एवढ्या अंतराला मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट काढूनच ओढा, आणि क्रॉसच्या कप टेपने बांधा, निडल बेअरिंग रस्त्यात सांडतात.