थ्रॉटल लिव्हरसाठी पोटेन्शिओमीटर ठेवावा की चुंबकीय सेन्सर लावावा? (मदत हवी आहे)

नमस्कार.

फ्लाइट सिम्युलेटरसाठी दोन इंजिनांचे थ्रॉटल (शक्ती कमी-जास्त करणारे लिव्हर) आणि फ्लॅपचा (पंखांवरील झडपांचा) एक लिव्हर असलेला कंट्रोलर मी बनवत आहे. बोर्ड ५ व्होल्टचा अर्दुइनो प्रो मायक्रो आहे. त्यावरील एटीमेगा३२यू४ चिपमध्येच यूएसबीची सोय असल्यामुळे संगणक त्याला थेट जॉयस्टिक म्हणून ओळखतो. बटणांचे काम झाले आहे. अडचण लिव्हरची आहे.

लिव्हर स्थिर असतानाही खेळातील थ्रॉटल किंचित थरथरत राहतो. लिव्हरच्या आसाला १० किलोओहमचा लिनिअर पोटेन्शिओमीटर (फिरवला की आउटपुटचे व्होल्टेज बदलणारा रोधक) थेट जोडलेला आहे. तो सुमारे ३०० अंश फिरू शकतो, लिव्हर मात्र ६० अंशच फिरतो. त्यामुळे बोर्डवरील एडीसी (व्होल्टेजचे आकड्यांत रूपांतर करणारा भाग) देतो त्या ० ते १०२३ या आकड्यांपैकी जेमतेम २०० माझ्या वाट्याला येतात, आणि दोन-तीन आकड्यांची जी चढउतार एरवी जाणवलीही नसती, ती इथे एक टक्क्याच्या वर जाते. पोटेन्शिओमीटर आणि एडीसी दोन्ही एकाच ५ व्होल्टवर चालत असल्याने यूएसबीच्या व्होल्टेजमधील संथ बदलांचा इथे संबंध नसावा. मधल्या पिनेपाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यावर थरथर कमी झाली, पण थांबली नाही. प्रोग्राममध्ये अनेक वाचनांची सरासरी घेतली की ती थांबते. मात्र मग लिव्हर हलवणे आणि इंजिनाने प्रतिसाद देणे यांत अंतर पडते, आणि उतरताना, जेव्हा शक्ती सतत थोडी-थोडी कमी-जास्त करावी लागते, तेव्हा ते फार खटकते.

एक उपाय म्हणजे १:४ गिअर लावून पोटेन्शिओमीटरला २४० अंश फिरवणे. पण छापलेल्या प्लास्टिकच्या गिअरमध्ये दात्यांची ढिलाई राहतेच, आणि थरथरीच्या जागी ढिलाई येणार असेल तर त्यात मला फारसा फायदा दिसत नाही.

दुसरा उपाय एएस५६०० हा चुंबकीय सेन्सर, जो आसावर बसवलेल्या चुंबकाच्या फिरण्यावरून कोन मोजतो. तो पूर्ण फेरीचे ४०९६ भाग करतो, म्हणजे ६० अंशांत सुमारे ६८० मिळतील, आणि घासणारा भाग नसल्यामुळे झीजही होणार नाही. मात्र त्याचा आय-टू-सी (दोन तारांवरून अनेक उपकरणे जोडण्याची पद्धत) पत्ता ठरलेला असल्याने तीन सेन्सर एकाच जोडीच्या तारांवर थेट चालत नाहीत. मध्ये टीसीए९५४८ए मल्टिप्लेक्सर (सेन्सर आळीपाळीने तारांशी जोडणारी चिप) घालावा, की सेन्सरची कोनमर्यादा ६० अंशांवर आणून त्याचे अ‍ॅनालॉग आउटपुट एडीसीला द्यावे? दुसऱ्या पद्धतीत जोडणी सोपी वाटते. पण थरथर पुन्हा त्याच एडीसीतून आत येईल, अशी शंका आहे.

ज्यांनी हा सेन्सर लिव्हरवर वापरला आहे त्यांना आणखी एक विचारायचे आहे. फ्लॅपच्या लिव्हरला प्रत्येक टप्प्यावर अडकण्यासाठी पोलादी गोळी आणि स्प्रिंग आहे, आणि ती आसापासून जवळच आहे. एवढ्या जवळच्या पोलादामुळे चुंबकाचे क्षेत्र वाकून कोनाचे वाचन चुकते का, की ती यंत्रणा आधीच पितळी किंवा प्लास्टिकची करून घ्यावी?