‘प्रेझेंटली’ म्हणजे सध्या, लगेच की थोड्या वेळाने?

तळटीप
एका जुन्या पत्रसंग्रहाचं भाषांतर हातात आहे. १८६०च्या आसपास एका इंग्रज बाईंनी महाबळेश्वरहून बहिणीला लिहिलेली पत्रं. एका पत्रात पाऊस कोसळतोय, खानसामा खिडक्या लावतोय, आणि पुढचं वाक्य असं: ‘प्रेझेंटली द रेन सीझ्ड.’ मी लिहिलं, ‘थोड्या वेळाने पाऊस थांबला.’ प्रूफं आली तेव्हा तिथे होतं, ‘सध्या पाऊस थांबला आहे.’

हे एकवेळ चाललं असतं. पण दोन पानांनंतर बाईंचं मूल तापाने फणफणलंय, आणि त्या लिहितात, ‘द डॉक्टर विल बी हिअर प्रेझेंटली.’ माझं वाक्य: ‘डॉक्टर येतीलच एवढ्यात.’ छापायला निघालेलं वाक्य: ‘डॉक्टर सध्या इथे असतील.’ आई उशाशी बसून वाट बघतेय, आणि मराठीत डॉक्टर घरात येऊनही बसले!

संपादकांना फोन केला. ते म्हणाले, शब्दकोशात ‘सध्या’ हा अर्थ आहे, बायोडेटात आपण सगळेच ‘प्रेझेंटली वर्किंग अ‍ॅट’ लिहितो, आणि एका शब्दाला पुस्तकभर एकच प्रतिशब्द हवा. अर्थ मला कळलाय, त्याबद्दल शंका नाही. प्रश्न असा की हे तिन्ही अर्थ तोलणारा एखादा मराठी शब्द आहे का? आणि संपादकांना पटेल असं काय सांगू?

शुद्धमती
तीस वर्षं मुद्रितशोधन केलं आहे, म्हणून सांगते. संपादकांचं अगदीच चूक नाही. ‘प्रेझेंट’ म्हणजे वर्तमान, त्याचं क्रियाविशेषण म्हणजे ‘वर्तमानात’. मूळ अर्थ तो. ‘थोड्या वेळाने’ हा नंतर शिरलेला, सैल अर्थ. आणि ताई, ‘एवढ्यात’ हा शब्द तुम्ही वापरूच नये. फार दुटप्पी शब्द आहे.

मुळाक्षर
सैल म्हणावं असं काही नाही त्यात. या शब्दाचा प्रवास मला फार आवडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पंधराव्या शतकात ‘प्रेझेंटली’चा एक ठसठशीत अर्थ होता: तत्क्षणी, जागच्या जागी. १६११च्या इंग्रजी बायबलात मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात येशू अंजिराच्या झाडाला शाप देतो आणि ‘प्रेझेंटली’ ते झाड वाळतं. म्हणजे शिष्यांच्या डोळ्यांदेखत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ‘ताबडतोब’ असाच आहे. पुढच्या इंग्रजी भाषांतरांना तिथे शब्द बदलावा लागला, कारण तोपर्यंत वाचकाला ‘प्रेझेंटली’ म्हणजे ‘काही वेळाने’ वाटायला लागलं होतं, आणि काही वेळाने वाळलेल्या झाडात चमत्कार कसला?

शेक्सपिअरचं ‘द टेम्पेस्ट’ साधारण त्याच काळातलं. चौथ्या अंकात प्रॉस्परो एरिअलला त्याच्या साथीदारांना घेऊन यायला सांगतो. एरिअल एका शब्दात विचारतो, ‘प्रेझेंटली?’ प्रॉस्परो म्हणतो, हो, डोळ्याचं पातं लवायच्या आत. मग एरिअल म्हणतो, तुम्ही ‘ये’ आणि ‘जा’ म्हणायच्या, दोनदा श्वास घ्यायच्या आधी येतो. त्या प्रश्नात ‘थोड्या वेळाने’ घालून बघा, सगळा संवाद कोलमडतो.

‘आत्ता, या काळात’ हा अर्थही जुनाच. पण सतराव्या शतकानंतर तो इंग्लंडच्या लेखी भाषेतून मागे पडला आणि स्कॉटलंडमध्ये टिकला. अमेरिकेतही तो चालतो, आणि विसाव्या शतकात पुन्हा वर आला. आपल्या बायोडेटातला तो हाच. तेव्हा तळटीपताई, संपादकांना एवढंच सांगा: कोश आजचा आहे, पत्र १८६०चं आहे, आणि लिहिणारी बाई इंग्लंडची आहे. तिच्या तोंडी ‘सध्या’ बसणं अवघड.

डर्बन ते डोंबिवली
नऊ वर्षं दक्षिण आफ्रिकेत काढली. तिथे ‘जस्ट नाऊ’ म्हणजे आत्ता नव्हे! पहिल्याच आठवड्यात नळ दुरुस्त करणारा फोनवर म्हणाला, ‘आय विल कम जस्ट नाऊ.’ मी वरच्या टाकीचा कॉक बंद करून बसले, कुकर तसाच ओट्यावर, मुलीची आंघोळ राहिलेली. तो संध्याकाळी साडेपाचला आला, आणि त्याच्या मते वेळेवर आला. शेजारणीने समजावलं की ‘जस्ट नाऊ’ म्हणजे नंतर कधीतरी, आणि ‘नाऊ नाऊ’ म्हणजे त्याच्यापेक्षा लवकर. आफ्रिकान्स भाषेतून आलेली सवय आहे ती.

तिसरा कप
यात नवल काय? आपल्याकडे हॉटेलातला पोऱ्या ‘आलोऽच साहेब’ म्हणतो, त्यातला ‘च’ जितका लांब तितका चहा उशिरा. गुन्हा शब्दाचा नाही, माणसाचा आहे. माणूस ‘लगेच’ म्हणतो आणि वेळ लावतो, मग शब्दाचा अर्थच ‘वेळ लावून’ होतो.

मुळाक्षर
तिसरा कप, अगदी नेमकं बोललात. इंग्रजीत या जातीचे जवळपास सगळे शब्द असेच घसरले. ‘सून’चं जुनं रूप ‘सोना’, त्याचा अर्थ होता ‘तत्काळ’. आज ‘सून’ला कोणी तत्काळ म्हणेल? ‘अनॉन’ हा ‘एकात’ अशा अर्थाच्या दोन शब्दांचा जोड, म्हणजे एका दमात, ताबडतोब. तोही ‘थोड्या वेळाने’वर आला. आणि तुमचा पोऱ्या तर शेक्सपिअरने रंगमंचावर आणलाय. ‘हेन्री चौथा’च्या पहिल्या भागात दारूच्या गुत्त्यात फ्रान्सिस नावाचा पोरगा आहे. राजपुत्र त्याला बोलण्यात अडकवतो, त्याचा मित्र आतून हाका मारतो, आणि बिचारा सारखा ओरडतो, ‘अनॉन, अनॉन, सर!’ आलोच साहेब, आलोच! जागेवरून मात्र हलू शकत नाही.

‘बाय अँड बाय’ तसंच. त्याच १६११च्या बायबलात हेरोदियाची मुलगी योहानाचं शिर तबकात ‘बाय अँड बाय’ मागते. तिला ते ‘यथावकाश’ नको होतं, त्याच क्षणी हवं होतं.

शुद्धमती
आपल्या भाषेत असं झालेलं नाही. ‘तत्काळ’ म्हणजे तत्काळच. आणि कृपया, ‘तात्काळ’ नव्हे. ‘तात्कालिक’ बरोबर, ‘तात्काळ’ चूक. सरकारी परिपत्रकांपासून वृत्तपत्रांपर्यंत सगळीकडे हा चुकीचा काना चिकटला आहे.

वऱ्हाडी पाहुणा
रेल्वेचं तत्काळ तिकीट गाडीच्या आदल्या दिवशी काढतात अन् दुसऱ्या दिवशी बसतात. म्हणजे तत्काळही एक दिवस सरकलाच की!

आमच्याकडे ‘येऊन राहिलो’ म्हणतात. आईनं फोन केला की मी म्हणतो, ‘येऊन राहिलो ना.’ त्यात निघालोही आलं, निघतोही आलं. पुण्याची बायको म्हणते, हे वर्तमान आहे की भविष्य ते सांग आधी. मी म्हणतो, दोन्ही.

मुळाक्षर
शुद्धमतीताई, तुमचा राग समजतो, पण ‘आपल्या भाषेत झालेलं नाही’ हे मला मान्य नाही. आणि ज्या शब्दावरून ही चर्चा सुरू झाली तोच पुरावा आहे. ‘सध्या’ आला कुठून? ‘सद्यः’वरून. संस्कृतात सद्यः म्हणजे त्याच दिवशी, तत्क्षणी. ज्यांनी मराठी किंवा संस्कृत घेऊन एम.ए. केलंय त्यांना संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाची काव्यप्रयोजनं (काव्य कशासाठी, याची उत्तरं) पाठ असतील: ‘सद्यः परनिर्वृतये’. काव्य वाचताक्षणी मिळणारा परम आनंद. ‘सध्या मिळणारा आनंद’ असा अर्थ तिथे कोणी केला तर परीक्षक लाल रेघ मारेल.

म्हणजे बघा. ‘प्रेझेंटली’ ‘ताबडतोब’वरून ‘थोड्या वेळाने’कडे गेला. ‘सद्यः’ ‘ताबडतोब’वरून ‘या दिवसांत’कडे आला. दोघांचं एक जुनं घर सारखं होतं, वाटा वेगळ्या झाल्या. आणि संपादकांनी आज त्या दोघांना पुन्हा एकत्र बसवलंय, चारशे वर्षं उशिरा.

दुसरा पुरावा ‘तूर्त’. त्वर् धातू, ज्यातून त्वरा, त्वरित आणि हिंदीतला ‘तुरंत’ आले. तूर्त म्हणजे खरं तर चटकन. आज ‘तूर्तास हा प्रस्ताव बाजूला ठेवू’ म्हणतो तेव्हा त्यात त्वरा कुठे उरली? उलट घाई नको, हाच सूर आहे.

तळटीप
‘तूर्त’चं कधी लक्षातच आलं नव्हतं. हिंदी मैत्रीण ‘तुरंत’ म्हणते आणि मी ‘तूर्तास’ म्हणते, शब्द एका पोटचे! पण मग माझ्या डॉक्टरांचं काय करू?

शुद्धमती
मुळाक्षर, ‘सध्या’ जर ‘सद्यः’वरून आला, तर ‘सद्या’ लिहिणाऱ्यांना मी तीस वर्षं चूक ठरवलं ते कशाच्या आधारावर? त्यांचा ‘द’ मुळाला जास्त जवळचा होता.

मुळाक्षर
नाही नाही, मराठीत ‘ध’ रुळला, तेव्हा ‘सध्या’च शुद्ध. मूळ रूप शोधून आजचं लेखन ठरवायचं नसतं.

शुद्धमती
मग ‘तात्काळ’ रुळला, तो का नको? तुम्ही वर अर्थ बदलला तर कौतुक करता, आणि लेखनात रूढीचा दाखला सोयीने देता. मला यात एक नियम दिसत नाही. मुळाकडे जायचं असेल तर सगळीकडे जा, आणि वापर मानायचा असेल तर माझ्या तीस वर्षांच्या लाल शाईचं काय ते सांगा.

तिसरा कप
बाई, हे मनापासून विचारलंत. मलाही उत्तर हवंय. तसंच ‘सद्यस्थिती’ की ‘सद्यःस्थिती’? आमच्या कार्यालयात एकाच अहवालात दोन्ही असतात.

शुद्धमती
सद्यःस्थिती. विसर्ग हवाच.

वऱ्हाडी पाहुणा
बोलताना कोणाचा विसर्ग ऐकू येते जी?

मांडवीकाठ
विसर्ग बाजूला ठेवून जरा ‘एवढ्यात’वर या. वर शुद्धमतीताई त्याला दुटप्पी म्हणाल्या. मी गोव्याची, घरी कोंकणी, शाळा मराठी. लग्न होऊन साताऱ्याला आले तेव्हा या शब्दाने मला रडवलंय. सासूबाई म्हणाल्या, ‘एवढ्यात ती आली नाही.’ मी समजले, अजून पोचली नाही, येईल. ताट वाढून ठेवलं. त्यांना म्हणायचं होतं, बऱ्याच दिवसांत फिरकली नाही. मग ‘एवढ्यात येईल’ म्हणजे आता येते. आणि ‘एवढ्यात नको’ म्हणजे इतक्या लवकर नको. एकच शब्द मागे बघतो, पुढे बघतो, आणि थांबवतोही. आमच्याकडे ‘मागीर’ म्हटलं की मागाहून, संपलं. मात्र आमचं ‘मागीर’ संध्याकाळपर्यंत जातं, हेही खरं.

पण म्हणूनच तळटीपताईंचं वाक्य मला बरोबर वाटतं. ‘येतीलच एवढ्यात’मध्ये क्रियापद भविष्यातलं आहे, त्याला ‘च’ आहे, आणि ‘एवढ्यात’ शेवटी आलाय. तो जीव टांगणीला लागलेल्या आईचाच सूर आहे. तिथे गोंधळ होत नाही. माझा गोंधळ ‘आली नाही’मुळे झाला.

डर्बन ते डोंबिवली
‘परवा’ विसरलात! होऊन गेलेलाही परवा, येणाराही परवा. माझी मुलगी तिथल्या शाळेत शिकली, ती अजून प्रत्येक वेळी विचारते, ‘मागचा की पुढचा?’

मुळाक्षर
तळटीपताईंचा प्रश्न राहू नये म्हणून: तिन्ही अर्थ तोलणारा एक मराठी शब्द मला सापडत नाही, आणि शोधूही नये असं वाटतं. इंग्रजी वाक्यात हा शब्द कुठे बसलाय ते बघा. गोष्ट सांगताना वाक्याच्या आरंभी, क्रियापद भूतकाळी: ‘थोड्या वेळाने’, ‘मग जरा वेळाने’. भविष्यकाळी क्रियापदाबरोबर: ‘येतीलच’, ‘एवढ्यात’, ‘इतक्यात’. वर्तमानकाळी क्रियापद असेल आणि मजकूर अलीकडचा असेल तरच ‘सध्या’. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून बायबल मराठीत आणलं ते थेट हिब्रू-ग्रीकवरून. अंजिराच्या झाडापाशी त्यांना इंग्रजी ‘प्रेझेंटली’चा अडथळा यायचं कारणच नव्हतं. आपल्यासारख्यांना मात्र इंग्रजीवरूनच भाषांतर करायचंय, तेव्हा त्या शब्दाचं वय विचारल्याशिवाय इलाज नाही.

शुद्धमती
‘इतक्यात’लाही तोच दोष आहे, पण तो राहू द्या. पाऊस ‘थोड्या वेळाने’च थांबू द्या, हे मान्य. डॉक्टरांसाठी ‘लागलीच’ घ्या. ‘लागणे’वरून आलेला, मागच्या क्षणाला चिकटून येणारा शब्द आहे, दुटप्पी नाही.

तळटीप
शुद्धमतीताई, ‘डॉक्टर लागलीच येतील’ घातलं तर बोलावल्याबरोबर निघाले असं होतं. पत्रात ते बराच वेळ आलेले नाहीत. बाईंनी त्याच पानावर तीनदा लिहिलंय, प्रेझेंटली, प्रेझेंटली, आणि तिसऱ्यांदा शब्दाखाली रेघ. ती रेघ मला मराठीत आणायची आहे. पहिल्यांदा ‘येतीलच एवढ्यात’, दुसऱ्यांदा ‘आता येतीलच’, तिसऱ्यांदा काय लिहू ते कळत नाही. संपादकांना तिन्ही ठिकाणी ‘सध्या’ हवंय. सोमवारी प्रूफं परत द्यायची आहेत.

वऱ्हाडी पाहुणा
तिसऱ्यांदा ‘येऊन राहिले’ लिहा.

शुद्धमती
महाबळेश्वरच्या इंग्रज बाईंच्या तोंडी वऱ्हाडी?

वऱ्हाडी पाहुणा
मग पुण्याची मराठी तरी त्यांच्या तोंडी कशी आली, मॅडम? मराठी तर त्या बाई बोलल्याच नाहीत.

तिसरा कप
हा स्वतंत्र धागा होऊ शकतो. पण आधी कोणीतरी सांगा, ‘सद्यस्थिती’चा अहवाल उद्या साहेबांकडे जायचाय, विसर्ग ठेवू की काढू?