विद्यार्थी कल्याण अधिकारी प्राध्यापकच असावा का?

कृष्णाकाठ (सांगली)

सांगलीतील एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीच्या खिडकीमागे मी १९ वर्षे काम करीत आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, विद्यार्थी कल्याणाचे काम एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात अतिरिक्त कार्यभार म्हणून घालणे बंद करावे आणि त्यासाठी पूर्णवेळ, स्वतंत्र अधिकारी नेमावा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ आणि त्याचा संचालक असतो. आपले तिन्ही जिल्हे, म्हणजे सांगली, सातारा आणि कोल्हापूर, शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतात. परंतु जत किंवा आटपाडीहून एसटीच्या पासावर येणाऱ्या मुलाला ते मंडळ कोठे भेटणार? त्याला भेटते ती आमची खिडकी.

गेल्या वर्षी बी.एस्सी. द्वितीय वर्षाची एक मुलगी सलग चार दिवस येत होती. महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा तिचा अर्ज मंजूर होता, पण आधारशी जोडलेले बँक खाते बंद पडल्यामुळे रक्कम जमा होत नव्हती. चौथ्या दिवशी रांग संपेपर्यंत ती बाजूला उभी राहिली आणि मग काचेच्या फटीशी वाकून हळू आवाजात म्हणाली, “सर, मेसचे दोन महिने थकलेत. एकच वेळ जेवते.” मी तिला कार्यभार असलेल्या प्राध्यापकांकडे जाण्यास सांगितले, तर ती गप्प झाली. तेच तिच्या प्रात्यक्षिकाचे गुण देणारे होते. त्या गृहस्थांचा स्वभाव चांगला आहे, हे मी मुद्दाम नमूद करतो. पण ज्याच्या हाती आपले गुण आहेत त्याच्यासमोर घरची चूल थंड असल्याचे कोणती मुलगी सांगेल? माझा आक्षेप व्यक्तीवर नाही, एकाच माणसाला दोन खुर्च्यांवर बसवण्यावर आहे.

निवृत्त प्राध्यापक (सातारा)

आपली कळकळ मला पोचली, तरी निष्कर्ष मान्य नाही. मी ३१ वर्षे शिकवले आणि त्यांतील ९ वर्षे हाच कार्यभार सांभाळला. मूल अडचणीत आहे हे प्रथम वर्गात कळते: पहिल्या बाकावरचा मुलगा शेवटच्या बाकावर जाऊन बसतो, वही कोरी राहते, हजेरीला ‘उपस्थित’ म्हणणारा आवाज दुसऱ्याचाच असतो. कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्यासमोर मूल स्वतःहून गेले तरच त्याला हे कळणार, आणि जे मूल सर्वांत खचलेले असते ते कोठेच जात नाही.

शिवाय आपल्या साताऱ्याची परंपरा काय सांगते? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये येथे छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले, तेव्हा निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसली. धान्य संपले त्या दिवशी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून मुलांना जेवू घातले. ‘कमवा आणि शिका’मध्ये मूल काय शिकते आहे आणि काय खाते आहे, हे दोन्ही पाहणारे डोळे तेच होते. कल्याण आणि अध्यापन यांची फारकत केली, तर प्राध्यापक म्हणतील, “हे माझे काम नाही, त्या अधिकाऱ्याकडे जा.” मला या वाक्याची सर्वाधिक भीती वाटते.

माणदेशी (आटपाडी; सध्या सांगलीत एम.ए.)

सर, हे वाक्य आम्ही आजही ऐकतो. अधिकारी नसतानाही ऐकतो. मात्र मला दोघांनाही एक विचारावेसे वाटते. कल्याणाचे काम पाहणाऱ्या व्यक्तीच्या हाती अधिकार कोणते? माझ्या बी.ए.च्या वर्षी आमच्याकडे पाऊस झाला नाही आणि शुल्काचा दुसरा हप्ता थकला. ज्या प्राध्यापकांकडे हे काम होते त्यांनी माझे सर्व ऐकून घेतले, चहा दिला, पाठीवर हात ठेवला. परंतु हप्ता पंधरा दिवस पुढे ढकलण्याचा अधिकार त्यांना नव्हता. ते स्वतः कार्यालयात माझ्यासाठी हात जोडून उभे राहिले, ते मला पाहवले नाही. शेवटी पैसे आमच्या शेजारच्या काकींनी दिले. पूर्णवेळ अधिकारी नेमून त्याच्याही हाती काही दिले नाही, तर हात जोडणारा माणूस तेवढा बदलेल.

कृष्णाकाठ (सांगली)

माणदेशी यांचा मुद्दा माझ्या मूळ लेखनात यायला हवा होता. अधिकाऱ्याकडे तातडीच्या मदतीचा लहानसा निधी, हप्ता पुढे ढकलण्याची मुभा आणि शुल्क थकले म्हणून परीक्षेचे प्रवेशपत्र अडवले जात असेल तर ते थांबवण्याचा अधिकार, एवढे तरी असावे. २०१९ च्या महापुरात गुणपत्रिका आणि दाखले भिजून लगदा झालेली मुले आमच्याकडे आली होती. दुय्यम प्रतींसाठी त्यांना चार टेबले फिरावी लागली, कारण त्यांच्या वतीने ती टेबले फिरणे हे कोणाचेच नेमून दिलेले काम नव्हते.

प्राध्यापक महोदयांना नम्रपणे सांगतो की, बोर्डिंगचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. लक्ष्मीबाईंकडे त्या मुलांचा अतिरिक्त कार्यभार नव्हता. त्यांचे सारे आयुष्यच त्या कामाला वाहिलेले होते, आणि त्या कोणाचे गुणही देत नव्हत्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारण समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. पण ती समितीही प्राध्यापकांचीच असते. संस्थेबाहेरचा लोकपाल येतो तो त्यानंतर, अपिलाच्या पायरीवर. पहिल्या पायरीवर गुणांशी संबंध नसलेला एक तरी माणूस असावा, एवढीच माझी मागणी आहे.

निवृत्त प्राध्यापक (सातारा)

गुण देणाऱ्याकडे हे काम नसावे, हे मी आता मान्य करतो. माझ्या त्या ९ वर्षांत किती मुली याच कारणाने आल्या नसतील, हा विचार काल रात्री मनातून गेला नाही. दुसऱ्या विभागातील प्राध्यापकाकडे काम देऊन आणि त्याचे तास निम्मे करून हा दोष बराच कमी होईल, असे मला वाटते.

पूर्णवेळ पदाबाबत मात्र अडचण कायम आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमण्यास आणि त्याहून लहान संस्थांना बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घेण्यास सांगितले आहे. समुपदेशक मनाचे पाहील. मेस, शिष्यवृत्ती आणि दाखले कोण पाहणार? माण तालुक्यातील विनाअनुदानित महाविद्यालय, जेथे अध्यापकच तासिका तत्त्वावर आहेत, ते या दुसऱ्या पदाचा पगार कोठून देणार?

माणदेशी (आटपाडी; सध्या सांगलीत एम.ए.)

विद्यापीठाने तालुक्यातील चार-पाच महाविद्यालयांसाठी मिळून एक अधिकारी नेमावा आणि पगारही विद्यापीठानेच द्यावा. तो संस्थेचा नोकर नसल्यामुळे संस्थाचालकांसमोर त्याची मानही ताठ राहील.

निवृत्त प्राध्यापक (सातारा)

आणि तो आपल्या महाविद्यालयात मंगळवारी येणार असेल, तर शुक्रवारी रात्री वसतिगृहात दार लावून बसलेल्या मुलाचे दार कोण ठोठावणार? याचे उत्तर मिळाले, तर मी आपल्या बाजूने सही करीन.